डोंगरवालीची आई

"उतरली का?"

दारात चपला काढायच्या आधीच मावशींचा हा प्रश्न घरात शिरायचा आणि त्याच्या मागून मावशी. हातात अर्धवट गुंफलेला गजरा, दोऱ्याचं टोक दातात, कपाळावर आठ्या. डोंगर चढायला गेलेल्या माणसाबद्दल जग विचारतं, "पोहोचला का?" मावशींनी ते कधीच विचारलं नाही. "वैजू वर पोहोचली, मावशी!" असं मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, की दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याकडे बघावं तसं त्या माझ्याकडे बघायच्या.

"ते झालं हो सर. उतरली का ते सांगा."

नाशकात मखमलाबाद रस्त्याला आमची वसाहत नवी होती, तेव्हापासूनची ही ओळख. नव्वदीची सुरुवात असेल. रस्त्याच्या अलीकडे आम्ही नोकरी-धंदेवाले, पलीकडे मळे. मावशींचा मळा आमच्या कुंपणाला लागूनच होता. मोगरा, गुलाब, झेंडू, आणि बांधाच्या कडेने मेथी-कोथिंबीर. नवरा लवकर गेला. दिरांनी वाटणी करून दिली आणि त्या वाटणीवर मावशींनी एक विहीर आणि एक मुलगी सांभाळली. पहाटे फुलं तोडायची, उजाडता उजाडता फुलबाजार गाठायचा आणि दुपारी ओट्यावर बसून गजरे गुंफायचे. त्यांची बोटं इतकी एकसारखी चालायची की बघणाऱ्याला डुलकी यावी. पण तोंडही तितकंच चालायचं, त्यामुळे डुलकीची सोय नव्हती.

मी घरातच टायपिंगचा क्लास चालवायचो. अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर आमच्याकडे फोन आला आणि महिन्याभरात तो आमचा राहिला नाही. त्या काळात तुमच्या घरी फोन असेल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. गल्लीतल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर आमचा नंबर आणि पुढे कंसात 'पीपी', म्हणजे शेजाऱ्यांचा फोन. मी क्लास अर्धवट टाकून घराघरांपुढे हाका मारत फिरायचो. बायको म्हणायची, पोस्टात अर्ज करा, पगार तरी सुरू होईल.

मावशींची एकुलती मुलगी वैजयंती, म्हणजे वैजू, एका शाळेत पीटी शिकवायची. रविवार उजाडला की पाठीवर पिशवी टाकून निघायची. कधी अंजनेरी, कधी सप्तशृंगीच्या बाजूचे डोंगर, कधी कळसूबाई. बरीच वर्षं मावशींची समजूत अशी होती की पोरगी देवाला जाते. अंजनेरीला मारुती, सप्तशृंगीला देवी, कळसूबाई तर नावातच देवी. पोरगी भक्तिमार्गाला लागली म्हणून त्या खूश होत्या. मग एकदा वैजू हरिहर गडाच्या त्या उभ्या पायऱ्या सोडून शेजारच्या कातळाला दोर लावून चढल्याचं कुणीतरी त्यांना सांगितलं.

"तिथं कोनता देव हाय?" त्यांनी विचारलं.

"देव नाही गं आई, नुसता कडा आहे."

"देव नाय तर मंग चढायचं कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर वैजूला कधीच देता आलं नाही. तिने एक दिवस सरळ जाहीरच करून टाकलं की जगाच्या प्रत्येक खंडातलं सगळ्यांत उंच शिखर तिला चढायचं आहे. अशी सात शिखरं आहेत. मावशींनी हातातला गजरा खाली ठेवला.

"सातच चालायची हौस व्हती तर सप्तपदी चालायची. येव्हाना नातू झाला असता."

पण वैजू गेली. पैसे कसे उभे केले, कुणाकुणाचे उंबरे झिजवले, ते ती आणि तिची गिर्यारोहणाची मंडळी जाणोत. पहिल्यांदा आफ्रिका. निघताना मावशींनी तिच्या हातावर दही घातलं आणि संध्याकाळपासून आमच्या फोनशेजारच्या स्टुलावर येऊन बसल्या. विमान अजून मुंबईतच होतं.

आफ्रिका झाली, रशियातला डोंगर झाला, मग दक्षिण अमेरिका, मग अलास्का. मावशींना नावं तोंडात बसायची नाहीत. त्या आपल्या "आफ्रिकेचा", "रशेचा" असं म्हणायच्या. ऑस्ट्रेलियाचा डोंगर त्यांना मनापासून आवडला, कारण वैजूने सांगितलं की तिथं म्हाताऱ्यासुद्धा चालत वर जातात. "मंग मलाच का नाय नेलं?" म्हणून त्या आठवडाभर रुसून होत्या. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात माणसं राहत नाहीत म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "वाट चुकली तर कोनाला इचारायचं?" त्यावर आम्ही सगळे हसलो. मावशी हसल्या नाहीत.

हे सगळं मी मजेने सांगतोय, पण त्या त्या वेळी आमच्या घरात मजा नसायची. वैजू डोंगरावर असली की मावशींचा आवाज बदलायचा, चालणं बदलायचं. फोन वाजला की क्लासमधली पोरंपोरी आपोआप हात थांबवायची. डोंगरावरचा तो उपग्रहाचा फोन विचित्र असायचा. इकडचं बोलणं तिकडे पोहोचायला क्षणभर वेळ लागायचा. आपण बोलून थांबायचं, मग उत्तर यायचं. मावशींना थांबणं जमायचं नाही. त्या बोलतच राहायच्या, वैजूही बोलायची, दोन्ही आवाज एकमेकांवर आदळायचे आणि कुणाला काही कळायचं नाही. शेवटी मी मावशींच्या खांद्यावर हात ठेवायला लागलो. हात असेपर्यंत ऐकायचं, काढला की बोलायचं. शिवाय त्या रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरायच्या, त्यामुळे मायलेकींचं खासगी असं काही राहायचंच नाही. सगळी खोली ऐकायची.

पुढे मोबाईल आले. वैजूने आईला एक घेऊन दिला, तो मावशींनी डब्यात ठेवला. "त्याला तार नाय. तार नाय तर आवाज यील कुठून?" डोंगरावरच्या फोनलाही तार नसते हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

सहा शिखरं झाली. सातवं एव्हरेस्ट.

एव्हरेस्टची चढाई मे महिन्यात असते. आमच्याकडे तेव्हा लग्नसराई आणि मोगऱ्याचा भर. मावशींना मान वर करायला फुरसत नसायची, तरी दिवसातून दहादा कुंपणाशी येऊन त्या आमच्या खिडकीकडे बघायच्या. आमच्या भागातल्या नगरसेवकाने उत्साहाच्या भरात चौकात फ्लेक्स लावून टाकला होता. 'एव्हरेस्टवीर वैजयंती हिचे हार्दिक अभिनंदन', खाली त्याचा स्वतःचा हात जोडलेला फोटो, वैजूच्या फोटोहून मोठा. वैजू तेव्हा अजून तळावर खोकत होती.

एका दुपारी फोन आला. वैजू शेवटच्या तळावर पोहोचली होती. रात्री निघायचं आणि सकाळपर्यंत माथा. मावशी धावतच आल्या. वैजूचा आवाज फाटला होता. प्रत्येक वाक्यानंतर खोकला.

"आई, खोकला थांबत नाहीये. आणि डाव्या हाताचं एक बोट बधिर झालंय. आमचे प्रमुख म्हणतात, जायचं की नाही तुझं तू ठरव." मग जरा वेळाने, "आई, काय करू?"

इतक्या वर्षांत वैजूने आईला कधी काही विचारलं नव्हतं. ती नुसती सांगायची, जातेय म्हणून. मी मावशींच्या खांद्यावरून हात काढला.

"बोट हलतंय का?" मावशींनी विचारलं.

"नाही."

"रंग कसाय?"

"पांढरा पडलाय."

"उतर."

"आई, हवा चांगली आहे गं. अशी संधी परत..."

"मला इचारलं ना? मंग आईक. उतर. आत्ताच्या आत्ता उतर."

आणि त्यांनी फोन ठेवून दिला. क्लासमध्ये एकही कळ वाजत नव्हती. मावशींनी ओच्यातल्या कळ्या चाचपल्या, पदर सावरला आणि मळ्याकडे निघून गेल्या.

वैजू उतरली. तिच्या तुकडीतले दोघे त्याच रात्री वर गेले, सकाळी माथ्यावर उभे राहिले आणि धडधाकट परत आले. हवा शेवटपर्यंत छान होती. पेपरात त्यांचे फोटो आले. वैजूच्या बोटाचं नख काळं पडलं, गळलं आणि नवं आलं. बस, एवढंच.

खरी पंचाईत इथेच झाली. बोट गेलं असतं तर मावशी खऱ्या ठरल्या असत्या. वर वादळ आलं असतं तरी ठरल्या असत्या. पण काहीच झालं नाही. ती उतरली म्हणून बोट वाचलं की ते वाचणारच होतं, हे सांगायला डॉक्टरही तयार नव्हते. वैजू म्हणायची, "गेलं असतं एक बोट. दहा होती ना माझी." मावशी म्हणायच्या, "मला इचारायचं नव्हतं." दोघी हे एकमेकींना म्हणत नव्हत्या. दोघी आमच्या स्वयंपाकघरात येऊन माझ्या बायकोला म्हणायच्या.

एका घरात राहून त्या मायलेकी बोलायच्या बंद झाल्या. "काकू, आईला सांगा, मला भाकरी नको." "ताई, तिला सांगा, आभाळ भरलंय, छत्री ने." बायको वैतागली. पूर्वी मी गल्लीचा निरोप्या होतो, आता ती झाली. नगरसेवकाने गुपचूप फ्लेक्स उतरवला आणि टाकून न देता मावशींकडे पोहोचवला. मावशींनी तो फुलांच्या पाट्यांवर झाकण म्हणून घातला. छापील बाजू खाली केली होती, पण वाऱ्याने तो उलटला. एका संध्याकाळी वैजू शाळेतून आली तर मोगऱ्यावर तिचाच चेहरा, खाली 'एव्हरेस्टवीर'. तिला वाटलं, आईने मुद्दाम केलं. मावशींना तर त्यावर काय लिहिलंय हे वाचताही येत नव्हतं. पण तेवढं जाऊन सांगायचीही दोघींत सोय उरली नव्हती.

त्या दिवसांत मावशी वाळल्या. मी एकदा धीर करून म्हटलं, "मावशी, चुकलं म्हणा एकदा. शब्दच तर आहे."

"चुकलं असतं तर म्हनले असते," त्या म्हणाल्या. "चुकलं का नाय तेच तर कोनाला ठावं नाय."

दोन वर्षांनी वैजूला पुन्हा संधी मिळाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर आली.

"काका, यंदाही शेवटच्या तळावरून फोन करणार आहे. आईलाच द्या. ती जा म्हणाली तरच मी जाणार."

"हा कसला हट्ट, वैजू? तू डोंगरावर आणि ठरवायचं तिने?"

"मागच्या खेपेला तिच्या शब्दावर उतरले. यंदा तिच्या शब्दावरच चढेन. तिने जा म्हटलं नाही, तर आम्ही दोघी मरेपर्यंत अशाच राहू."

मी हे मावशींना जसंच्या तसं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि गुंफत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वैजूच्या हातावर दही घातलं, ते तिच्याकडे न बघता. वैजूनेही ते खाली बघूनच चाटलं.

त्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात. तळावरून मोहिमेचा एक माणूस अधूनमधून फोन करायचा. आज इथे, आज तिथे, आज वारा फार, आज थांबलेत. मी कुंपणावरून मावशींना ओरडून सांगायचो. त्या मान हलवायच्या. त्या आमच्या घरी येईनाशा झाल्या. स्टूल रिकामंच असायचं, आणि बायको ते रोज पुसून जागेवर ठेवायची.

फोन आला तेव्हा ऊन कलत होतं. वैजूच होती. "काका, आईला बोलवा. मी पुन्हा फोन करते." मी मळ्यात धावलो. मावशी छपराखाली बसल्या होत्या. पुढ्यात कळ्यांचा ढीग.

"मावशी, वैजूचा फोन. चला."

"हात गुतलेत."

"मावशी, ती शेवटच्या तळावर आहे. ती थांबलीय तुमच्यासाठी."

"सांगा, आई घरात नाय."

मी तिथंच उभा राहिलो. मावशींनी दोन कळ्या दोऱ्यात अडकवल्या. दोन्ही तिरक्या बसल्या. त्यांचा गजरा तिरका गेलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"सर," त्या खाली बघतच म्हणाल्या, "उतर म्हनले तर जिती यील, पर माझ्याकडं यायची नाय. आन जा म्हनले आन ती आली नाय, तर मीच धाडली म्हनायची तिला. तुमीच सांगा, कंचं बोलू?"

तेवढ्यात कुंपणापलीकडून बायकोने हाक मारली. फोन पुन्हा वाजत होता.

मावशी उठल्या. मांडीवरच्या कळ्या सांडल्या, त्या त्यांनी उचलल्या नाहीत. आमच्या घरात येऊन त्यांनी रिसीव्हर घेतला आणि नेहमीसारखा वीतभर लांब धरला.

"आई?"

मावशींनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"आई, खोकला नाही. बोटं सगळी हलतायत. वारा पडलाय. आई, जाऊ का?"

मी खांद्यावर हात ठेवलाच नव्हता, तरी त्या थांबल्या. तिकडे वैजूही थांबली. असा गप्पपणा मी त्या फोनवर कधी ऐकला नव्हता.

"वैजे," मावशी म्हणाल्या, "मला नको इचारू. मी आई हाय. मला येकच उत्तर येतं आन ते तुला ठावं हाय. ते मी आज बोलनार नाय. आन दुसरं माझ्या तोंडातून निघत नाय गं, लय वढून पाह्यलं. तुझं तू बघ."

बराच वेळ पलीकडून नुसती सळसळ येत राहिली. वारा होता की वैजू रडत होती, कळलं नाही. मग एवढंच आलं, "बरं." आणि फोन कट झाला.

मावशी त्या स्टुलावर बसल्या त्या बसल्याच. घरी जा म्हटलं तर नाही, जेवा म्हटलं तर नाही.

सकाळी, आमचा चहा होत होता तेव्हा, तळावरच्या माणसाचा फोन आला. वैजू माथ्यावर पोहोचली होती. मी ओरडलोच. बायकोने देवापुढे साखर ठेवली. मावशींनी माझ्याकडे बघितलं.

"उतरली का?"

"उतरायला लागलीय. तंबूत आली की ते फोन करतील."

"मंग वरडता कशाला?"

आणि यानंतर जे झालं ते नाशकातच होऊ शकतं. बातमी गावभर झाली. नगरसेवक ढोल घेऊन चौकात आला. नवा फ्लेक्स तर त्याने आधीच छापून ठेवला असावा, कारण तासाभरात तो लागलासुद्धा. ते परवडलं असतं. पण इथल्या केबलच्या चॅनलवाल्याने वैजूचा फोटो दाखवला आणि त्याखाली अभिनंदनासाठी म्हणून आमचा नंबर पट्टीवर सोडून दिला. आणि आमचा फोन वाजायला लागला.

पहिला फोन आला तशा मावशी उडाल्याच. सातपूरहून कुणीतरी. "अभिनंदन! नाशिकची शान!" ठेवला, की लगेच दुसरा. पंचवटीचं कुठलं तरी मंडळ. मग सायखेड्याहून मावशींचा लांबचा भाचा. मग एक शाळा, त्यांना वैजूच्या हस्ते बक्षिसं द्यायची होती. प्रत्येक वेळी घंटी वाजली की मावशी स्टुलावरून अर्ध्या उठायच्या, मी रिसीव्हर उचलायचो आणि पलीकडून "हार्दिक, हार्दिक!" मी हात जोडून, मग ओरडून, मग शिव्या देऊन सांगत होतो की बाबांनो, लाईन मोकळी सोडा, डोंगरावरून फोन यायचाय. लोक म्हणायचे, "हो हो, अगदी थोडक्यात बोलतो."

दुपार झाली. एव्हाना ती तंबूत पोहोचायला हवी होती. तळावरून फोन आला नव्हता, किंवा येत होता आणि लागत नव्हता. यातलं खरं काय, हे कळायला काहीच मार्ग नव्हता. मी तिकडचा नंबर फिरवायला घ्यायचो, तेवढ्यात पुन्हा घंटी. बाहेर ढोल. मावशी उभ्या राहिल्या. पुढचा फोन त्यांनीच उचलला. पलीकडे कुणीतरी बडे पुढारी होते. मला त्यांच्या भारदस्त आवाजातलं "माउली, आपण या भूमीला..." एवढं ऐकू आलं.

"ठिव खाली!" मावशी किंचाळल्या. "ठिव रं मुडद्या! माझी पोर वर हाय!"

पुढाऱ्यांनी ठेवला. तोही बिचारा घाबरला असणार. आणि मावशी मटकन खाली बसल्या. एवढ्या वर्षांत ती बाई रडलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी ती माझ्या बायकोच्या मांडीवर डोकं घालून रडली आणि सारखी एकच गोष्ट म्हणत राहिली. "उतर म्हनायला पायजे व्हतं. म्या म्हनले का नाय? उतर म्हनायला पायजे व्हतं."

बाहेरचा ढोल एकाएकी थांबला. नगरसेवक आमच्या फाटकातून धावत आला. चांगला भारदस्त माणूस, पांढरेशुभ्र कपडे, गुलालाने माखलेला, हातात मोबाईल. वैजू निघताना त्याने हट्टाने आपला नंबर तिच्या लोकांना दिला होता. आमची लाईन लागेना म्हणून तळावरच्या माणसाने शेवटी तिथे फोन केला होता, आणि स्वतःच्याच ढोलापायी त्याला तो किती तरी वेळ ऐकू आला नव्हता.

"मावशी!" तो धापा टाकत म्हणाला. "उतरली. तंबूत आहे. झोपलीय."

मावशींनी डोळे पुसले. "तंबू कुठंशी हाय?"

"शेवटच्या तळावर."

"मंग अजून वरच हाय की," त्या म्हणाल्या आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसल्या.

ती अगदी खालच्या तळाला पोहोचेपर्यंत मावशींनी पेढा तोंडात घातला नाही. त्या दिवसांत गल्लीतल्या सगळ्यांची तोंडं गोड होती. फक्त त्यांचं नव्हतं.

वैजू नाशिकरोडला उतरली तेव्हा फलाटावर ही गर्दी. हार, तुतारी, फोटोवाले. नगरसेवक सगळ्यांत पुढे. वैजूचा चेहरा जळून काळा पडला होता, ओठ फुटले होते. डब्यातून उतरून ती थेट आईपुढे आली आणि वाकायला गेली. मावशींनी तिला वाकू दिलं नाही. खाडकन तिच्या थोबाडीत मारली.

तुतारीवाल्याची तुतारी तोंडाशीच राहिली.

"परत मला इचारशील?" मावशी म्हणाल्या. "परत कधी असं इचारशील मला?"

"नाही," वैजू म्हणाली. "नाही विचारणार, आई." आणि दोन वर्षांनी त्या मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. फोटोवाल्यांनी तेवढाच फोटो घेतला. थोबाडीतला सुटला म्हणून एकाला फार हळहळ वाटली, त्याने मला तसं बोलूनही दाखवलं.

मग काही वर्षं बरी गेली. दोघी पुन्हा भांडायला लागल्या, म्हणजे सगळं ठीक झालं. माझा क्लास बंद पडला. कॉम्प्युटर आल्यावर टायपिंग शिकणार कोण? आजूबाजूचे मळे जाऊन तिथे इमारती उभ्या राहिल्या, मावशींचा तेवढा राहिला. एका हिवाळ्यात, सकाळी गुलाब तोडताना त्या बांधावर टेकल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत. वैजू तेव्हा घरीच होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मावशींना सगळ्यांत जास्त भीती कशाची होती, ते तुम्हाला आता माहीत आहे. पोरगी डोंगरावर असताना त्यांना काही झालं असतं तर ती उतरली का, हे न कळताच त्या गेल्या असत्या.

दिवस झाल्यावर वैजू एकदा आमच्याकडे आली होती. चहा तसाच निवत ठेवून ती म्हणाली, "काका, त्या दिवशी आईने तुझं तू बघ म्हटलं ना, तेव्हा मी तंबूत बसून खूप घाबरले. आधीच्या सहाही डोंगरांवर मी कधी घाबरले नव्हते. घाबरायचं काम ती करायची. त्या रात्री ते माझ्याकडे आलं. माथ्यावर मी धड उभीसुद्धा राहिले नाही हो. पोहोचले, आणि लगेच खाली बघायला लागले."

बायकोने तिला दुसरा चहा आणून दिला.

परवा तिला एका मोठ्या मोहिमेचं बोलावणं आलं. हिमालयातलंच शिखर आहे, एव्हरेस्टहून थोडं कमी उंच, पण म्हणे जास्त अवघड. सगळी गल्ली तिला म्हणाली, जा. शाळेने रजा मंजूर केली. माझी बायको म्हणाली, जा. मीही म्हणालो, जा बाई, अजून तुझं वय आहे. वैजूने मान डोलावली आणि आमच्या ओट्यावर टेकली. अंधार पडला, तरी ती उठेना. कुणीतरी नको म्हणेल, याची वाट बघत ती तिथेच बसून राहिली.